दोन पट्ट्यांमधला सूर

हार्मोनियमची पट्टी दाबली की सूर वाजतो, सोडली की थांबतो. बोट किती जोराने पडले, पडल्यावर ते पट्टीवर डावी-उजवीकडे सरकले का, उचलताना हळूच उचलले की झटक्यात, याची त्या पट्टीला काही खबर नसते. इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी गेल्या पंचवीसएक वर्षांत जे स्पर्शसंवेदी कीबोर्ड तयार झाले, ते नेमकी हीच खबर ठेवतात. बोटाचा दाब, त्याचे सरकणे, त्याचे उचलणे हे सगळे प्रत्येक सुरापुरते वेगवेगळे मोजले जाते आणि आवाज त्याप्रमाणे बदलत जातो. या वाद्यांचा इतिहास सांगताना पॅरिस, ओटावा, इलिनॉय, लंडन अशी नावे येतात. पण ज्या प्रश्नाचे उत्तर ती देऊ पाहतात, त्या प्रश्नावर महाराष्ट्रात शंभर वर्षांहून अधिक काळ वाद झाला आहे, प्रयोग झाले आहेत, पैसा आणि आयुष्ये खर्ची पडली आहेत. नाटक, कीर्तन, भजन आणि लग्नाची वरात या चारही वाटांनी पट्टीचे वाद्य ज्या शहरात मुरले त्या नाशिकला हा इतिहास परका नाही.

हार्मोनियम मूळची फ्रान्सची. अलेक्झांद्र दबँ यांनी 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये तिचे पेटंट घेतले. ते पायाने भाता चालवायचे, टेबलाएवढे वाद्य होते. मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हाताच्या भात्याची सुटसुटीत पेटी कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ या पेढीने रूढ केली. महाराष्ट्रात मात्र पेटीचा पाय रोवला तो संगीत रंगभूमीने. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. पुढच्या काही दशकांत नाटकातली सारंगी मागे पडून पायपेटी आणि ऑर्गन पुढे आले. याची कारणे अगदी व्यवहारातली होती. एकाच नाटकात चार नटांच्या चार पट्ट्या असत. सारंगी प्रत्येकासाठी पुन्हा लावणे शक्य नव्हते, पेटीवाला मात्र क्षणात ‘काळी एक’वरून ‘पांढरी चार’वर जाई. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा, नटाच्या आवाजाला टेकू देणारा सूर तिच्यातून निघे. शिवाय गावोगाव फिरणाऱ्या मंडळ्यांना बैलगाडीचे आणि रेल्वेचे हिसके सोसून सुरात राहणारे वाद्य हवे होते. गायकांच्या पट्ट्या पेटीच्या पट्टीच्या रंगावरून आणि क्रमांकावरून सांगण्याची रीत आजही मराठी मैफलीत चालते. पेटीला नावे ठेवणारे गवईसुद्धा आपली पट्टी पेटीच्याच भाषेत सांगतात.

नाशिकचे विजयानंद नाट्यगृह या मंडळ्यांच्या मुक्कामांपैकी एक. 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या याच नाट्यगृहात, आणि त्या रात्री तिथे गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. शहराच्या इतिहासात ती रात्र क्रांतिकारकांची म्हणून नोंदली गेली हे योग्यच आहे. नाशिकच्या जाणत्या वर्गाची संध्याकाळ तेव्हा कोणत्या संगीताने भरलेली असे, हेही त्या नोंदीतून कळते. कलेक्टरच्या निरोपाचा समारंभसुद्धा संगीत नाटकाने साजरा होत होता.

नाशिकच्या संगीताला दुसरे वळण विष्णू दिगंबर पलुसकरांनी दिले. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पलुसकरांनी 1908 मध्ये मुंबईत शाळा उभारली. 1920 च्या दशकात कर्जापायी तिथली वास्तू हातची गेली आणि ते नाशिकला, रामनाम आधाराश्रमात राहू लागले. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णू पलुसकर यांचा जन्म 1921 चा, आणि त्यांचे बालपण याच रामनामाच्या वातावरणात गेले. पलुसकरांचा सगळा भर समूहाला गाता यावे यावर होता. वर्गात वीस मुलांना एकदम सूर दाखवायचा, प्रार्थनेला शंभर माणसे एका सुरात आणायची, तर पेटीइतके कामाचे वाद्य दुसरे नव्हते. विष्णुबुवा 1931 मध्ये वारले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि त्याच्या परीक्षांनी पुढे गावोगावच्या वर्गांना घडी घालून दिली. नाशिकच्या वाड्यांतून आणि मंदिरांतून पेटी घराघरांत गेली ती अशा शिकण्या-शिकवण्यातून.

पेटी जितकी पसरली तितक्या तिच्याविषयीच्या तक्रारी वाढल्या. तक्रारी दोन होत्या, आणि त्या नेहमी एकत्र मांडल्या गेल्यामुळे पुष्कळ गोंधळ झाला. पहिली तक्रार सुरांच्या जागांची. युरोपात सप्तकाचे बारा सारखे भाग पाडतात, प्रत्येक भाग 100 सेंटचा. त्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर बसतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार मात्र 386 सेंटच्या आसपास असतो. धैवतातही असाच सोळा सेंटचा फरक पडतो. पंचम जवळजवळ बरोबर असतो, दोन सेंटचा फरक कुणाच्या कानाला टोचत नाही. पण चढा गंधार तंबोऱ्यासमोर उघडा पडतो.

दुसरी तक्रार सुरांच्या मधल्या प्रवासाची. दरबारी कानड्याचा कोमल गंधार एका जागी उभा राहत नाही. तो ऋषभाकडे झुकत, संथपणे डोलत असतो, आणि त्या डोलण्यातच दरबारी असते. कुठला ठरावीक सेंट गाठून ती साधत नाही. मींड, गमक, आंदोलन, कण या सगळ्यांत स्वराकडे जायची वाट स्वराइतकीच महत्त्वाची असते. पट्टीपाशी ही वाटच नाही. पेटीच्या सुधारणेचा इतिहास पाहिला तर जवळजवळ सगळी बुद्धी पहिल्या तक्रारीवर खर्च झालेली दिसते. खरी अडचण दुसरी होती.

पहिल्या तक्रारीवर सर्वांत चिकाटीने काम केले ते सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी. डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी तारेच्या लांबीची मोजमापे घेत, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर ताडून पाहत बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची, गणिते मांडली. 1910 मध्ये त्यांचे हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती या विषयावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. आय.सी.एस.मधले न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांच्या कामाने भारावले. त्यांनी 1913 मध्ये भारतीय संगीताच्या अभ्यासावर पुस्तक लिहिले आणि लंडनच्या मूर अँड मूर यांच्याकडून श्रुतींची हार्मोनियम करवून घेतली. बारा पट्ट्यांच्या जागी जास्त पट्ट्या, म्हणजे प्रत्येक रागाला त्याचा त्याचा गंधार-धैवत मिळेल, असा हिशेब होता. 1916 मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा हा विषय तिथे चर्चेला आला. विष्णु नारायण भातखंडे यांचा श्रुती अशा मापात ठोकून बसवण्याला विरोध होता, आणि जमलेल्या गायकांचीही खात्री पटली नाही. श्रुती-हार्मोनियम मैफलीत रुजली नाही.

देवलांच्या कामाला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी गळ्यातला सूर मोजायला घेतला, तोही आजची कोणतीही साधने हाताशी नसताना. पण मोजलेला सूर पुन्हा पट्टीवरच बसवला गेला. बारा खिळ्यांऐवजी बावीस खिळे ठोकले तरी मींड खिळ्यांवरून उड्या मारतच जाणार.

रेडिओने या वादाचा निकाल आपल्या पद्धतीने लावला. ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी 1938 मध्ये हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ टागोरांचाही पेटीला विरोध होताच. मार्च 1940 पासून रेडिओवर पेटीला बंदी झाली. स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना ती कायम राहिली आणि 1971 मध्ये थोडी सैल झाली. तीन दशके घरचा रेडिओ पेटीशिवाय गात होता आणि गावातले मंदिर, नाट्यगृह, संगीताचा वर्ग पेटीवरच चालत होता.

या काळात मराठी पेटीवादकांनी जे केले ते कुठल्याही यांत्रिक सुधारणेपेक्षा मोठे आहे. ‘मानापमान’च्या चालींचे कर्ते गोविंदराव टेंबे (1881–1955) यांनी पेटीला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला. त्यांच्यानंतर पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी पट्टीच्या मर्यादेतच गायकी उतरवली. हे कसे साधते ते हात पाहिला की समजते. पहिली पट्टी पूर्ण सुटण्याआधी दुसरी दाबली जाते आणि दोन सूर निमिषभर एकमेकांत मिसळतात. पट्टी अर्धवट दाबून दबका सूर काढला जातो. मींडेच्या जागी मधले सूर अतिजलद, जवळजवळ न वाजवता स्पर्शून जायचे आणि त्याच क्षणी भात्याचा दाब कमी करायचा, म्हणजे कानाला पायऱ्या न जाणवता उतार जाणवतो. डाव्या हाताचा भाता हाच इथे श्वास असतो. कानाला फसवण्याची ही विद्या फार वरच्या दर्जाची आहे. तरीही दरबारीचा गंधार पेटीवर डोलवता येत नाही, हे या थोर वादकांइतके दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसेल. गवयाने तिथे आंदोलन घेतले की साथीदार बहुधा ऋषभावर थांबून राहतो.

पट्टीला बोटाची खबर द्यावी हा विचार तोवर परदेशात आकाराला आला होता. मॉरिस मार्तनो यांनी 1928 मध्ये पॅरिसमध्ये ‘ओंद मार्तनो’ हे विजेचे वाद्य सादर केले. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत पट्ट्या आडव्या हलत, त्यामुळे सूर थरथरवता येई. तारेवरची अंगठी बोटात घालून सरकवली की अखंड मींड निघे. आवाजाचा जोर डाव्या हाताच्या बोटाखाली असे. पेटी नको म्हणणाऱ्या टागोरांच्या आणि फ्रेंच संगीतज्ञ आलाँ दानियेलू यांच्या सांगण्यावरून 1930 च्या दशकाच्या अखेरीस भारतीय सूक्ष्म स्वरांसाठी याच वाद्याची खास आवृत्ती तयार झाली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ती सांगण्याजोगी आहे, कारण टागोरांचे भांडण परदेशी वाद्याशी नव्हते, मुक्या पट्टीशी होते, असे तिच्यावरून म्हणता येते. कॅनडात ह्यू ल केन यांनी 1945 ते 1948 या काळात ‘इलेक्ट्रॉनिक सॅकबट’ बांधले. त्यात पट्टी खाली दाबली की आवाज वाढे आणि आडवी ढकलली की सूर चढे-उतरे. आजच्या स्पर्शसंवेदी कीबोर्डाची जवळपास पूर्ण कल्पना त्या एका यंत्रात आहे.

बाजाराने मात्र स्वस्त तडजोड उचलली. 1970 च्या मिनीमूगमध्ये पट्ट्यांच्या डावीकडे दोन चाके होती. त्यातले एक फिरवले की सूर वाकतो. उजवा हात पट्टीवर, डावा चाकावर अशी ही विभागणी पुढच्या बहुतेक सिंथेसायझरांनी घेतली. यामाहाच्या सीएस-80 ने त्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक पट्टीचा दाब स्वतंत्र ओळखण्याची सोय दिली, पण ते यंत्र शंभरेक किलोचे आणि फार महाग होते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सिंथेसायझर आणणाऱ्यांत केर्सी लॉर्ड आघाडीवर होते. 1982 मध्ये चरणजित सिंग यांनी रोलँडची यंत्रे वापरून दहा रागांची इलेक्ट्रॉनिक ध्वनिमुद्रिका मुद्रित केली. तिच्यातल्या टीबी-303 या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती.

नाशिक जिल्ह्यात आणि शेजारच्या खानदेशात हे चाक खऱ्या अर्थाने कसास लागले ते लग्नाच्या बँडमध्ये. इथल्या बँडची रचना गेल्या काही दशकांत पालटली. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट मागे सरकले. गाडीवर जनरेटर, कर्णे, बेंजो, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आले. सुरगाणा, पेठ, बागलाण या डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी वस्त्यांत पावरी वाजते. भोपळा आणि बांबूच्या नळ्या जोडून केलेले हे फुंकवाद्य संबळाच्या जोडीने नाच रात्रभर चालते ठेवते. तिचा सूर कधीच सरळ उभा नसतो, फुंकेसरशी तो खाली-वर हेलकावतो. वरातीत लोकांना नाचायला पावरीच हवी असते, म्हणून कीबोर्डवाल्याने ती पट्टीवर आणली. अशा वादकाचा डावा हात पाहण्यासारखा असतो. उजव्या हाताची बोटे तीन-चार पट्ट्यांच्या टापूत फिरतात आणि डाव्या हाताचा अंगठा चाक किंवा दांडी सतत, तालावर हलवत राहतो. सूर खालून उचलायचा, शेवटाला पाडायचा, मध्ये थरथरवायचा. चाकाला स्प्रिंग असते, हात सुटला की ते आपोआप मध्यावर येते, त्यामुळे उतार हवा असेल तर बोटाने ते धरून सोडत आणावे लागते. ही कला पुस्तकातून आलेली नाही. वादक एकमेकांचे हात बघून ती शिकतात. कंपन्यांनाही या बाजाराची दखल घ्यावी लागली. यामाहाने पीएसआर-आय मालिका आणि रोलँडने एक्सपीएस मालिका भारतीय वाद्यांचे टोन घालून इथे विकायला आणल्या.

शास्त्रीय रागसंगीतासाठी हेच साधन गंभीरपणे हाती घेणाऱ्यांत अभिजित पोहनकर यांचे नाव घ्यावे लागते. किराणा परंपरेच्या घरात वाढलेल्या पोहनकरांनी कीबोर्डवर राग वाजवण्याचा ध्यास धरला आणि वडील अजय पोहनकर यांच्या गायनाबरोबर ‘पिया बावरी’सारखे प्रयोग केले. चाकाची मर्यादाही अशा वादनातच स्पष्ट होते. चाक फिरवले की त्या घडीला वाजणारे सगळे सूर एकदम वाकतात. तंबोऱ्याचा षड्ज धरून ठेवावा आणि वर एकटा गंधार डोलवावा, तर षड्जही डोलू लागतो. डावा हात चाकाला बांधलेला राहतो. शिवाय ज्या बोटाने सूर काढला त्या बोटाचे पुढे सुराशी नाते उरत नाही.

हा दोष इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांना जोडणाऱ्या 1983 च्या मिडी या प्रमाणपद्धतीच्या मांडणीतच होता. मिडीच्या सोळा वाहिन्या असतात आणि सूर वाकवण्याची आज्ञा अख्ख्या वाहिनीला लागू होते. यावर वेगळी वाट काढत इलिनॉय विद्यापीठातल्या लिपोल्ड हाकेन यांनी तयार केलेल्या ‘कंटिन्युअम’मध्ये पट्ट्याच नाहीत. मऊ, सलग पृष्ठभागाखाली चुंबक आणि संवेदक बसवलेले आहेत. बोट लांबीत कुठे आहे त्यावरून सूर ठरतो, दाबावरून जोर आणि पुढे-मागे सरकण्यावरून आवाजाची जात. ए. आर. रहमान यांनी ‘दिल्ली-6’ (2009) मधल्या ‘रहना तू’ या गाण्यात हे वाद्य वाजवले आणि भारतातल्या पुष्कळ लोकांनी त्याचे नाव प्रथम ऐकले. त्या गाण्याच्या शेवटच्या भागातली मींड ऐकली की कीबोर्डापेक्षा सारंगीची आठवण येते.

यानंतर वाद्ये भराभर आली. लंडनच्या रोली कंपनीचा ‘सीबोर्ड’ 2013 मध्ये जाहीर झाला. त्यात सिलिकोनच्या मऊ उंचवट्यांवर पियानोची मांडणी कायम ठेवून बोट सरकवायची सोय आहे. रॉजर लिन यांच्या 2014 च्या ‘लिनस्ट्रुमेंट’मध्ये आठ ओळींत 200 चौकोन आहेत. फ्रान्सच्या एक्सप्रेसिव्ह-ई कंपनीने 2019 मध्ये जाहीर केलेल्या ‘ऑस्मोस’मध्ये नेहमीसारख्या 49 पट्ट्या आहेत. त्या खालीही खोल दाबता येतात आणि आडव्याही हलतात, म्हणजे ल केनची कल्पना सत्तर वर्षांनी दुकानात आली. या सगळ्यांना एका भाषेत बोलता यावे म्हणून जानेवारी 2018 मध्ये मिडीत एमपीई ही पद्धत मान्य झाली. तिची युक्ती सोपी आहे. एक वाहिनी सर्वांसाठी राखायची आणि उरलेल्या पंधरांवर प्रत्येक सुराला आपापली वाहिनी द्यायची. मग षड्ज स्थिर ठेवून एकटा गंधार हलवता येतो. सूर वाकवण्याची जुनी रूढ मर्यादा वर-खाली दोन अर्धस्वरांची होती, ती इथे अठ्ठेचाळीसपर्यंत गेली.

देवलांची वाटही बंद पडलेली नाही. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार केली असून तिच्यात खुंटी ओढून रागाला हवी ती श्रुती निवडता येते. सुरांच्या जागांच्या तक्रारीला हे चांगले उत्तर आहे. पण गंधार अचूक झाला तरी तो उभाच राहतो. डोलणारा गंधार सलग पृष्ठभागावरच मिळतो, आणि तिथे अचूकपणा यंत्राऐवजी वादकाच्या कानावर सोपवलेला असतो. व्हायोलिनसारखी तिथेही वर्षानुवर्षे जागा घोटावी लागते. ‘सीबोर्ड’ घेऊन पेटीची बोटे त्यावर टाकणाऱ्याला पेटीच ऐकू येईल.

म्हणूनच या वाद्यांसाठी मराठी मुलखात सर्वांत उपयोगी ठरेल असे ज्ञान दोन ठिकाणी साठलेले आहे: सुराच्या मधली वाट भात्याने आणि बोटाने सुचवणाऱ्या पेटीवादकांकडे, आणि तीच वाट अंगठ्याने प्रत्यक्ष चालणाऱ्या बँडमधल्या कीबोर्डवाल्यांकडे. पहिल्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, शिष्य आहेत, परीक्षा आहेत. दुसऱ्यांची विद्या वरातीबरोबर विरून जाते. सटाणा, कळवण, मालेगावच्या बँडमधल्या जुन्या वादकांचे डावे हात चित्रित करून, त्यांच्याकडून पावरीच्या चाली आणि चाकाच्या खुणा लिहून घेण्याचे काम नाशिकच्या संगीतशाळांनी आणि महाविद्यालयांनी लवकर हाती घ्यावे.